कलम एक

मसुदा मी लिहावा असं सभेत ठरलं,
कारण माझं अक्षर बरं आहे
आणि गटसचिवाला सोसायटीची शाई फुकट.

बोदलटोल्याच्या तलावाचं पाणी
आधी कुणाच्या बांधीत, मग कुणाच्या, किती घंटे,
एवढंच ठरवायचं होतं.
मला वाटलं, दीड पान.

तालुक्याहून आलेल्या छापील नमुन्यात
कलम एक असं होतं: "जो कोणी पाणी चोरील..."
पुढे दंडाच्या आकड्यासाठी टिंबं.
तुडूम अजून उघडलाही नव्हता
आणि कागदावर चोर येऊन बसला होता
मांडी घालून.

कवडू लांजेवार म्हणाला, बराबर आहे.
निवृत्त हवालदार. बत्तीस वर्षं
माणूस त्याला बेडीच्या बाजूनेच दिसला.
"तुडुमाले कुलूप लावा गा. किल्ल्या दोन.
दोघापाशी ठेवा, अन् दोघं असे पाहा
का त्याइचं एकमेकाशी पटत नसन."
सभा हसली. मी मात्र लिहून घेतलं;
दिल्लीत तरी याहून वेगळं
काय करून ठेवलं आहे?

अंजिराबाई कापगते बसल्या जागेवरून बोलली:
"ज्यानं तलाव बांधला त्यानं तुडुमाले भोक ठेवलं,
कडी नाही ठेवली.
त्याले का कुलूप मालूम नोहतं?"
तिचं म्हणणं, कुलूप दिसलं
की बऱ्या माणसालाही किल्ली सुचते.

मग नवे गुरुजी उठले.
माणूस बरा नाही, वाईट नाही, तो पाण्यासारखा,
उतार द्याल तिकडे जाईल.
टाळ्या पडल्या.
"पन उतार देनारा बी मानूसच ना गुरुजी?"
हे कोण बोललं ते अंधारात कळलं नाही.

झिबल दिघोरे शेवटपर्यंत दारात उभा.
जाळं खांद्यावर, अजून ओलं.
"तुमचा मानूस म्हंजे बांधीवाला," तो म्हणाला,
"चोर बी बांधीवाला, साव बी बांधीवाला.
आमी ढिवर कोनत्या कलमात?
तलाव सुकवला त मासोळी का तुमच्या अंगनात ठेवू?"
यावर कुणी हसलं नाही.

रात्री कंदिलाशी बसलो. लाईट गेलेली.
आठवलं ते वर्ष,
पोळ्यानंतर थेंब नाही, धान पोटरीत,
आणि मी फावडं घेऊन अनवाणी
तुकारामभाऊच्या धुऱ्यावर,
त्याच्या बांधीचं तोंड चिखलाने बुजवून
पाणी माझ्याकडे वळवताना.
पाणी किती आवाज करतं रात्री!

पाळीवर ऋषी पाणकर उभा होता.
त्याने बॅटरी माझ्यावर मारली नाही.
मोहाच्या झाडावर मारली,
आणि खोकला. एकदा.

पहाटे ते तोंड त्यानेच मोकळं केलं.
माझ्या पुढच्या पाळीत दीड घंटा कमी दिला.
मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
तुकारामभाऊ मरेपर्यंत मला
तंबाखू मळून देत राहिला.
त्याला माहीत होतं की नव्हतं,
हे मला आजही माहीत नाही.

तो खोकला मी कोणत्या कलमात बसवू?
त्यात मी चोर होतो हे धरलेलं होतं,
मला लाज आहे हेही धरलेलं होतं.
ऋषी गेला. नव्या पाणकराला
मानधन आहे, शिट्टी आहे,
आणि फोटो काढायला मोबाईल.

दोन वाजता लिहिलं:
"कलम दोन: कंबरभर पाणी
मासोळीसाठी तलावात राहील."
हे सोपं गेलं. याला
माणूस कसा आहे ते कळावं लागत नाही.
तीनमध्ये पाळ्या. चारमध्ये दोन किल्ल्या,
एक कवडूपाशी, एक अंजिराबाईपाशी.

एकसमोर आधी लिहिलं,
"लिहिणाऱ्याने एकदा पाणी चोरलं आहे."
खोडलं.
इतकं खोडलं की कागद फाटला.

सभा सोमवारी आहे.
कवडू विचारेल, एक कुठं गेलं?